नारळाने उघडलेली शाळा

पॉपलहर्स्टची शाळा मी उघडली असं सगळे म्हणतात. मी शाळाबिळा काही उघडली नाही. मी नारळ फोडला. शाळा उघडली ती इथल्या शाळा चालवणाऱ्या ट्रस्टने, आणि तीही इमारतीशिवाय. दोष द्यायचा तर नीट पत्त्यावर द्या.

पॉपलहर्स्ट म्हणजे इंग्लंडात, बेसिंगस्टोकच्या पुढे सात मैल. दोनशे घरांची नवी वसाहत, माझा मुलगा अजय तिला एस्टेट म्हणतो. दुकान नाही, दवाखाना नाही, आणि भिंती अशा की शेजारचा शिंकला तर आपण रुमाल पुढे करावा. घरं विकताना बिल्डरने रंगीत चित्र दाखवलं होतं. त्यात तळं, तळ्यात बदकं, आणि मधोमध शाळा. तळं झालं. बदकं तर आपण होऊन आली, त्यांना कुणी ईमेलसुद्धा केला नव्हता. शाळेच्या जागी मात्र नुसता माळ. माळाला फाटक, फाटकापाशी बोर्ड, की इथे प्राथमिक शाळा होणार आहे. पाच वर्षं तो बोर्ड होणार आहे, होणार आहे म्हणत उभा होता. असे जावई मी पुष्कळ पाहिलेत.

माझी नात मायरा पाच वर्षांची झाली, तिला ह्याच न झालेल्या शाळेत प्रवेश मिळाला. इमारत होईपर्यंत बसने पन्नास मिनिटांवरच्या दुसऱ्या शाळेत जायचं. पोरगी जाताना एकदा ओकायची, येताना एकदा ओकायची. बसच्या ड्रायव्हरने तिला स्वतंत्र बादली दिली, वर तिचं नाव घातलेली. इतर मुलांच्या नावाचे खण असतात, माझ्या नातीच्या नावाची बादली.

आता लीड्सचं सांगते, म्हणजे माझा जीव कशात अडकला होता ते कळेल. लीड्सला माझ्या सुनेची, नीनाची आई राहते. गिरिजाबाई. नागपूरला मुख्याध्यापिका होत्या, मग मुलाकडे इथे आल्या आणि बारा वर्षं इथल्या शाळेत शिकवलं. बी.ए., बी.एड., आणि इथलं सर्टिफिकेट वेगळं. मी तिसरी पास. चौथीत होते तेव्हा आईला पाचवं झालं, ते सांभाळायला मी घरी बसले. पुढे हडपसरला बावीस वर्षं डबे दिले आणि त्या डब्यांवर अजयला इंजिनिअर केलं, त्यामुळे मला कुणापुढे मान खाली घालायचं कारण नाही. पण ह्या बाई बोलायला लागल्या की मला वाटतं, आता आपली पाटी तपासणार.

सप्टेंबरच्या शेवटी त्यांचा फोन आला.

"वैजयंतीबाई, माझ्या दारासमोर शाळा आहे हो. घंटा घरात ऐकू येते. मायराला इकडे ठेवा. तुम्ही शनिवार-रविवार येऊन भेटत जा."

"माझ्या नातीला भेटायला मी वार ठरवून येऊ?"

"तसं नाही. शिक्षणाचा प्रश्न आहे, म्हणून म्हटलं. तुम्हाला आता कसं सांगू..."

"सांगूच नका," मी म्हटलं आणि फोन नीनाच्या हातात दिला.

नीना हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे. तिचा स्वभाव पाण्यासारखा, पण उतार दिसला की ती थांबत नाही. म्हणाली, "आई, ख्रिसमसपर्यंत बघू. ह्या बसने तिची तब्येत जातेय. नाहीच जमलं तर लीड्स." अजयने मान हलवली. त्याच्या मानेला हो आणि नाही एकाच दिशेने येतात.

मी विचार केला, पोरीला शाळा का लागत नाही? तर आमच्या घरात नारळ फोडल्याशिवाय कोणी शाळेत गेलेलं नाही, आणि सप्टेंबरच्या गडबडीत तेवढंच राहून गेलं होतं. दसरा शनिवारी आला. मी मायराला आंघोळ घालून जरीचं परकर-पोलकं नेसवलं, अंगावर कोट चढवला आणि तिला माळावर नेली. झेंडूचं तोरण केलं होतं. आंब्याची पानं कुठली मिळायला, समोरच्या कुंपणाची पानं आंब्याची समजून ओवली. बोर्डाच्या दोन खांबांना तोरण बांधलं, बोर्डाला हळदकुंकू लावलं, फाटकाखालच्या दगडावर नारळ फोडला. एका फटक्यात सरळ दोन वाट्या. मी म्हटलं, झालं, आता शाळा लागेल.

तिथे जेफ्री कुत्रा फिरवत होता. जेफ्री आमच्या शेजारचा, रिटायर्ड पोस्टमन, एकटा जीव. त्याला खोबरं दिलं, कुत्र्यालाही दिलं. त्याने फोटो काढला. एस्टेटच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, 'अखेर आपल्या शाळेचं उद्घाटन झालं. सुंदर सोहळा.' त्याचा काही वाईट हेतू नव्हता. झेंडूच्या माळा, फुटलेला नारळ आणि भरजरी पोर बघून दुसरं काय समजणार माणूस?

ग्रुपवर ट्रस्टचंही कुणीतरी होतं, सोमवारी सकाळी ट्रस्टचा ईमेल. शाळा सुरू झाल्याबद्दल अभिनंदन. बस बंद करण्यात येत आहे. दुसऱ्या शाळेतली तात्पुरती जागा दुसऱ्या मुलाला दिली आहे. मायराने आज पावणेनऊला आपल्या शाळेत हजर राहावं.

अजयने ट्रस्टला फोन लावला, स्पीकरवर. पलीकडे पेनी नावाची मुलगी होती, मधासारखा आवाज.

"अहो, पण तिथे बिल्डिंगच नाहीये," अजय म्हणाला.

"बिल्डिंग दुसऱ्या डिपार्टमेंटकडे असते, सर. माझ्याकडे स्कूल ओपन दाखवतंय. फोटोसुद्धा जोडलाय."

"त्या फोटोत माझी आई आहे!"

"हो का? त्यांची साडी फार छान आहे."

"मग आता ते क्लोज करा."

"उघडलेली शाळा बंद करायला सहा महिन्यांची नोटीस लागते, सर."

मी मधून विचारलं, "नाही गेली तर काय होईल ते विचार." अजयने विचारलं. पेनी म्हणाली, "सकाळची एक आणि दुपारची एक, अशा दिवसाच्या दोन गैरहजेऱ्या. वीस झाल्या की नाव कमी होतं आणि जागा वेटिंग लिस्टवरच्या मुलाला जाते."

"वेटिंग लिस्ट आहे?"

"चौतीस मुलं आहेत. तुमच्या शाळेबद्दल लोक फार चांगलं बोलतात."

आईबाप दोघं आठवडाभर ईमेल लिहीत राहिले. तोवर दहा गैरहजेऱ्या झाल्या. नीनाने मायराचे लोकरीचे कपडे वेगळे काढले. मी विचारलं, "हे कुठे?" ती म्हणाली, "आई, नाव कमी झालं की इथे दुसरी शाळाच नाही. मी काय करू, जॉब सोडू?" त्यात लीड्सहून व्हिडिओ आला. गिरिजाबाईंनी मायरासाठी पलंग घेतला होता, गुलाबी. मला पलंगाचा राग नाही. गादीवर आधीच चादर घातली होती, त्याचा राग आला.

दुसऱ्या सोमवारी मी मायराला बोट धरून माळावर नेलं. पावणेनऊ ते सव्वातीन. चटई, डबा, थर्मास, छत्री. गवत ओलं, वर कावळे. आणि ट्रस्टच्या गैरहजेरीच्या नंबरावर फोन केला. आजारी असाल तर एक दाबा, प्रवासात असाल तर दोन, घरात मयत असेल तर तीन. मूल आलं असेल तर काय दाबायचं हे कुणी सांगत नाही. शेवटी शिट्टी वाजते आणि निरोप ठेवता येतो. माझं इंग्रजी मोजकं आहे, पण अडत नाही. मी म्हटलं, "मायरा हिअर. स्कूल नॉट हिअर." रोज दोनदा तेच, सकाळी एकदा, दुपारी एकदा.

आकडा दहावर थांबला. पाच दिवसांनी आताच्या पोस्टमनने एक पाकीट बोर्डाला टाचून ठेवलं. पत्र शाळेच्या नावाने होतं. जेफ्रीने वाचून दाखवलं. शाळा लागोपाठ दहा सत्रं गैरहजर असल्याचं आमच्या लक्षात आलं आहे. आजारपण असल्यास शाळेने डॉक्टरांची चिठ्ठी आणावी. चिंता वाटत असल्यास शाळा आमच्याशी मोकळेपणाने बोलू शकते.

"बोल बाई," मी माळाला म्हटलं.

एस्टेटमध्ये आणखी आठ घरांना मुलांच्या गैरहजेरीची पत्रं गेली होती. आमचा आकडा थांबलेला ऐकून, वीस व्हायच्या आतच तेही मुलं आणून सोडायला लागले. नायजेरियाच्या जुळ्या बहिणी, पोलंडचा एक दांडगट, हैदराबादचे दोघे भाऊ, अशी मायरा धरून अकरा. आईबाप म्हणायचे, "आंटी, फक्त अर्धा दिवस." आणि गाडीत बसून जे पळायचे ते अंधार पडता उगवायचे.

अकरा मुलं नुसती बसवून ठेवायची म्हणजे अकरा माकडं ताटाजवळ बसवण्यासारखं. आमच्या गावची शाळा देवळाच्या ओवरीत भरायची. मास्तर एक, इयत्ता चार. बसायला ज्याचं त्याने गोणपाट आणायचं, मोठ्याने धाकट्याचं बघायचं, आणि उरलेला वेळ पाढे. तेवढंच मला माहीत, तेवढंच मी केलं. प्रत्येकाने आपापल्या घरचं पायपुसणं आणायचं. त्यामुळे अकरा पोरं 'वेलकम'वर बसायला लागली. मोठ्या मुलाच्या ताब्यात एक लहान, त्याचं नाक पुसायची जबाबदारी त्याची. आणि पाढे मराठीतून, कारण दुसऱ्या भाषेतून मला येत नाहीत. पोलंडचा दांडगट दिडकीत असा रमला की घरी जेवतानाही दीड दुणे तीन, दीड त्रिक साडेचार. त्याची आई मला विचारायला आली, की तुमचा धर्म कुठला?

"गणित," मी म्हटलं.

शाळा उघडी म्हटल्यावर एकेक गोष्ट यायला लागली. साडेअकराला गरम जेवणाची व्हॅन. बिचारा माणूस माळावर टेबल मांडून अकरा ताटं वाढायचा. त्या उकडलेल्या गाजरांना मी घरून फोडणी आणून घातली, तेव्हा तोही पायपुसण्यावर बसून जेवायला लागला. मग फोटोग्राफर आला. मग आगीची तालीम घेणारा गृहस्थ आला, पिवळं जाकीट, हातात घड्याळ. म्हणाला, "शिट्टी वाजली की सगळ्यांनी इमारतीतून बाहेर मोकळ्या जागेत जमायचं."

मी म्हटलं, "मोकळ्या जागेतच आहोत."

त्याने कागद पाहिला. "मग आधी आत जायला लागेल."

शेवटी आम्ही फाटकाबाहेर रस्त्यावर गेलो, त्याला इमारत मानलं, आणि शिट्टी झाल्यावर रांगेने माळावर आलो. एक मिनिट चाळीस सेकंद. तो म्हणाला, इतकी जलद शाळा त्याने पाहिली नाही.

मला वाटायला लागलं होतं, की निभावलं. ख्रिसमस तीन आठवड्यांवर, मायराचं ओकणं बंद, गालावर रंग, आणि लीड्सचा पलंग रिकामा. तेवढ्यात तपासनीस बाई आल्या. मिस हार्टली. उंच, सरळ, रबरी बूट घातलेल्या. दिवसभर माझ्या शेजारी घडीच्या खुर्चीवर बसल्या आणि मुलांची दिडकी ऐकत लिहीत राहिल्या. सव्वातीनला अजय आणि नीना आले. तेव्हा बाईंनी तीन गोष्टी सांगितल्या. अजय मला मराठीत सांगत होता.

पहिली, मुलांची प्रगती चांगली आहे. दुसरी, शाळेच्या पटावर निदान बारा नावं लागतात, इथे अकरा आहेत. तिसरी, शिकवणाऱ्याकडे सर्टिफिकेट लागतं. सोमवारपर्यंत दोन्ही जमलं नाही तर पट रद्द. अकराच्या अकरा नावं कमी.

"आणि इमारत?" नीनाने विचारलं.

बाईंनी फॉर्म उलटसुलट केला. "इमारतीचा रकाना माझ्याकडे नाही."

त्यांनी माझ्यापुढे कागद ठेवला. शिकवणाऱ्याचं नाव. शिक्षण. अजय माझ्या कानाशी आला. "आई, बी.एड. लिही. इंडियातलं कोण बघायला जातंय?"

"मी बघते ना," मी म्हटलं.

"अगं, मायरा जाईल लीड्सला!"

ते मला सांगायला नको होतं. मायरा समोर जुळ्या बहिणींना खोबरं वाटत होती. मी पेन हातात धरलं. बावीस वर्षं डबे दिले, कधी शिळी पोळी ताजी म्हणून दिली नाही. मी मराठीत लिहिलं, 'तिसरी पास. चौथीत शाळा सुटली.' अजयने कपाळाला हात लावला, आणि बाईंना भाषांतर करून सांगितलं.

मिस हार्टलींनी चष्मा वर केला. "म्हणजे ह्यांचं प्राथमिक शिक्षण अपूर्ण आहे?"

"हो."

बाईंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा आनंद दिसला. त्यांनी बॅगेतून जाड पुस्तक काढलं, बोटाने ओळ शोधली. "मग ह्यांना इथेच जागा देता येईल. चौथीत. बारावं नाव."

"त्यांना अडुसष्ट पूर्ण आहेत!" नीना म्हणाली.

"खालची मर्यादा चार वर्षं लिहिली आहे. वरची कुणी लिहिलेली नाही."

वेटिंग लिस्टवरच्या चौतीस मुलांपैकी एक का घेत नाही, असं अजयने विचारलं. त्या म्हणाल्या, वेटिंग लिस्ट जागा रिकामी झाल्याशिवाय हलत नाही, आणि शाळा पुरी भरल्याशिवाय जागा रिकामी धरत नाहीत. अजय इंजिनिअर आहे, तोसुद्धा बोटं मोजायला लागला. मी सही केली. बारा झाले.

राहिलं सर्टिफिकेट. घरी येईपर्यंत तिघांच्या डोक्यात एकच नाव होतं. बी.ए., बी.एड., आणि इथलं सर्टिफिकेट वेगळं. चहा झाल्यावर नीना हळूच म्हणाली, "मी बोलते माझ्या आईशी."

"नको," मी म्हटलं. "माझ्या शाळेचं मी बोलेन."

फोन लावला. दोनदा वाजला आणि उचलला.

"गिरिजाताई, वैजयंती बोलतेय. आमच्या शाळेला शिक्षिका पाहिजे. तुम्ही या."

"काय म्हणालात? ऐकू नाही आलं."

ऐकू चांगलं आलं होतं. लीड्सहून चादर दिसते, मग आवाज का नाही येणार. मी पुन्हा म्हटलं, मोठ्याने, "तुम्ही या. तुमच्याशिवाय होत नाही."

मग त्या म्हणाल्या, "पलंग घेतला होता हो मी."

त्या कशा म्हणाल्या ते मला लिहिता येत नाही. एवढ्या शिकलेल्या बाईचा आवाज असा आखूड होईल असं मला वाटलं नव्हतं. मी म्हटलं, "घेऊन या. माझ्या खोलीत बसेल. खिडकीची बाजू तुमची."

त्यांनी घसा साफ केला आणि लगेच मुख्याध्यापिका झाल्या. "येईन. पण माझ्या वर्गात मधे बोललेलं चालत नाही."

"मी कुठे मधे बोलते?"

"आत्ता बोललात."

रविवारी त्या टेम्पोतून उतरल्या. पलंग, दोन सुटकेसेस, तीन पायांचा फळा आणि खडूचा डबा. पोरीसाठी घेतलेल्या पलंगावर त्यांचे पाय बाहेर येतात, पण ते मी बोलून दाखवलं नाही. एकदाच दाखवलं.

सोमवारी मिस हार्टली आल्या, सर्टिफिकेट पाहिलं, बारा डोकी मोजली. बाराव्या डोक्याला अंबाडा होता, त्यावर दोनदा पेन टेकवलं. मग खूण करून निघून गेल्या. मायराची जागा राहिली. सगळ्यांची राहिली. फाटकाशी नीना उभी होती, ती डोळे पुसत गाडीत जाऊन बसली.

गिरिजाबाईंनी फळा मऊ जमिनीत रोवला, फळ्यावर छत्री बांधली आणि वर्ग लावला. लहानांना खडे मोजायला दिले. आम्हा मोठ्यांना फळ्यावर भागाकार. माझं पायपुसणं मायराच्या शेजारी. मला पावकी येते, निमकी येते, शंभर डब्यांना किती किलो कणीक हे झोपेत सांगेन, पण भागाकार शिकवायला घेतला त्याच आठवड्यात मी घरी बसले होते. फळ्यावर गिरिजाबाई एका आकड्याला कोपऱ्यात उभं करत होत्या, त्याच्या डोक्यावर दुसरा आकडा ठेवत होत्या, खालचं वजा करून शेजारचा खाली ओढत होत्या. खाली का ओढतात ते मला कळेना. पोलंडच्या दांडगटाला कळलं. जुळ्यांना कळलं. मी वहीकडे बघून मान हलवत होते.

मायराने हात वर केला आणि तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली, "मिस, माझा आजीला नाही कळला."

"गप्प बस," मी दात ओठ खात म्हटलं.

"मधे बोलायचं नाही," गिरिजाबाई म्हणाल्या. वाटलं, आता लागल्या पाटी तपासायला. पण त्या फळा सोडून आल्या, गुडघ्यावर हात ठेवत ठेवत माझ्या पायपुसण्याच्या कडेला खाली बसल्या आणि माझ्या वहीत नव्याने मांडलं. "सत्तावन्न लाडू," त्या म्हणाल्या, "चार घरांत वाटायचे. आधी दहा-दहाचे डबे वाटा. पाच डबे, चार घरं. किती उरले?"

"एक डबा."

"तो फोडा. सुट्या सातांत घाला. आता वाटा."

सतरा लाडू. घराला चार. एक उरला. वहीतला तो खाली ओढलेला सात माझ्याकडे बघत होता.

मला कळलं. पण कळलं असं मी त्यांना सांगितलं नाही. म्हटलं, "आणखी एक सांगा, म्हणजे नक्की होईल." त्यांनी सांगितलं. मग मी आणखी एक मागितलं.